एडमंटन: तेलाचा थेंब, दहा दाते, पाच रिव्हेट

एडमंटनचा विमानतळ एडमंटनमध्ये नाही. तो शहराच्या दक्षिणेला, लेडूक नावाच्या काउंटीत आहे. उतरल्याबरोबर ७४७ क्रमांकाची बस पकडून शहर गाठायचा मोह होतो, पण ऑइलर्सची जर्सी नीट समजून घ्यायची असेल तर आधी गाडी भाड्याने घ्यावी आणि उलट्या दिशेला, पश्चिमेकडे जावं. या शहराला ‘कॅनडाची तेल-राजधानी’ हे नाव ज्या विहिरीमुळे चिकटलं, ती तिकडे आहे.

जर्सी कोणती, ते आधी सांगून टाकतो. एडमंटन ऑइलर्स हा बर्फावरच्या हॉकीचा संघ. (धनराज पिल्ले आणि ॲस्ट्रोटर्फ थोडा वेळ बाजूला ठेवा.) २००१-०२ च्या हंगामात त्यांनी नेहमीच्या दोन जर्सींच्या जोडीला तिसरी काढली आणि २००७ पर्यंत वापरली. रंग गडद निळा, चंदेरी आणि पांढरा. नारिंगी किंवा तांबूस रंगाचा टिपूसही नाही. छातीवर तेलाचा थेंब आणि त्याला यंत्राच्या चक्रासारखे दाते. चित्र टॉड मॅकफार्लेनचं. ‘स्पॉन’ या कॉमिक्सवाला तोच. तेव्हा संघात त्याची थोडी भागीदारीही होती. जन्म मात्र कॅलगरीचा, म्हणजे थेट शत्रूच्या गावचा!

आता रस्ता. विमानतळावरून महामार्ग २ ला लागायचं, १९ ने पश्चिमेला आणि मग ६० ने उत्तरेला वळायचं. डेव्हन गावाच्या अलीकडेच लेडूक क्रमांक १ ची जागा येते. इंपीरियल ऑइल कंपनीने त्याआधी १३३ विहिरी खणल्या होत्या आणि सगळ्या कोरड्या गेल्या होत्या. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी पाहुण्यांना बोलावून, त्यांना थंडीत ताटकळत ठेवून, अखेर दुपारी चारच्या सुमारास या विहिरीतून तेल वर आलं. खोली सुमारे दीड किलोमीटर. १९७४ मध्ये ती बंद केली. जवळचं डेव्हन गाव कंपनीने आपल्या कामगारांसाठी वसवलं आणि त्याचं नाव तेल सापडलं त्या डेव्होनियन काळातल्या खडकावरून ठेवलं. विहिरीच्या जागी आता संग्रहालय आहे; त्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्याआधी उघडं आहे ना, हे विचारून घ्या.

याच भागातली अटलांटिक क्रमांक ३ ही दुसरी विहीर मला जास्त शिकवून जाते. मार्च १९४८ मध्ये खणताना तिच्यातला दाब हाताबाहेर गेला आणि तेल-वायू विहिरीच्या तोंडाबरोबरच भोवतालच्या जमिनीतूनही उसळू लागला. वरून बूच मारून भागेना, कारण दाबाला बाजूने वाटा सापडल्या होत्या. महिनोन्‌महिने तेल सांडत राहिलं आणि सप्टेंबरात त्याने पेट घेतला. शेवटी बाजूने तिरकी विहीर खणून, खालून पाणी आणि चिखल भरून ती मारावी लागली. तेल सापडणं वेगळं आणि ते काबूत ठेवणं वेगळं. थेंबाला दाते का जोडले असतील, याचं उत्तर मला तरी इथे मिळतं.

परतीच्या वाटेवर महामार्ग २ ओलांडून निस्कू या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारा. पर्यटनस्थळ वगैरे काही नाही. रांगेने शेड, पाइपांच्या थप्प्या, दुरुस्तीला आलेले रिग (विहिरी खणायची यंत्रं), वेल्डिंगच्या ठिणग्या. आज अल्बर्टा या इथल्या प्रांताचं बरंचसं तेल चारेकशे किलोमीटर उत्तरेला, फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूतून येतं. एडमंटनच्या वाट्याला आहे ते शुद्धीकरण, जोडकाम आणि सुट्या भागांचा व्यवसाय. म्हणून या जर्सीतलं यंत्र मला थेंबापेक्षा खरं वाटतं. शहराच्या पूर्वेला बेसलाइन रोडवरून रात्री गेलात तर रिफायनऱ्यांची दिव्यांनी लखलखणारी रांग दिसते. त्यातल्या इंपीरियलच्या रिफायनरीची सुरुवातही मजेशीर आहे: युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सची युद्धकाळातली रिफायनरी विकत घेतली, सुटी केली, इथे आणून पुन्हा जोडली आणि १९४८ मध्ये चालू केली. जर्सीवरचा चंदेरी रंग या टाक्यांचा आणि पाइपांचा आहे, असं मी धरून चालतो.

हिवाळ्यात गाडी घेताना ब्लॉक हीटरची (इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची) वायर पुढून बाहेर काढलेली आहे का, ते काउंटरवरच पाहून घ्या. पारा उणे १५-२० च्या खाली गेला की इंजिनातलं तेल घट्ट होतं, बॅटरीचा जोरही कमी पडतो आणि सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. रात्री काही तास ती वायर प्लगला लावून ठेवायची. हिवाळी टायर अल्बर्टात सक्तीचे नाहीत, त्यामुळे भाड्याच्या गाडीला ते असतीलच असं नाही, मागून घ्या.

सामन्याला मात्र गाडी नको. सेंच्युरी पार्क स्टेशनवरून एलआरटीने, म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेने, चर्चिलला उतरायचं. तिथून रॉजर्स प्लेस दहाएक मिनिटांच्या चालीवर. हे स्टेडियम सप्टेंबर २०१६ मध्ये उघडलं. शिरताना फोर्ड हॉलमध्ये खाली बघा: जमिनीवर ॲलेक्स जॅनव्हिए या देने आदिवासी समाजातल्या चित्रकाराचं १४ मीटर व्यासाचं मोझेक आहे. गर्दी त्याच्यावरून चालत बिअरच्या रांगेकडे जाते.

आता जर्सी हातात घेऊन. चक्राला दाते दहा आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, पाच. पाच रिव्हेट म्हणजे संघाने जिंकलेले पाच स्टॅन्ले कप, अर्थात लीगची अजिंक्यपदं: १९८४, ८५, ८७, ८८ आणि ९०. दहा दाते म्हणजे तोवरचे दहा कर्णधार. चिपरफील्डपासून डग वेटपर्यंत मोजले की हिशेब जुळतो. २००७-०८ ला एनएचएल या लीगने सगळ्या संघांसाठी रीबॉकचं नवं कापड आणि नवा काट आणला, त्या हंगामात तिसऱ्या जर्सी कुणालाच नव्हत्या, आणि ही तिथेच संपली. २०२२-२३ मध्ये आदिदासच्या ‘रिव्हर्स रेट्रो’ (जुन्या जर्सी बदललेल्या रंगांत) मालिकेत हेच चिन्ह परत आलं, या वेळी निळ्यावर नारिंगी. पूर्वी जिची टिंगल व्हायची, तिच्यामागे आता लोक लागतात. मला विचाराल तर चंदेरीच बरी. नारिंगी आला की ती नेहमीच्या जर्सीसारखी दिसायला लागते.

संघाचं दुकान स्टेडियमलाच लागून आहे, पण तिथे चालू हंगामाचाच माल. जुनी हवी असेल तर वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत शोधावी लागते, आणि फसवणूक तिथेच होते. खेळाडूंच्या दर्जाच्या जर्सीला आत पाठीच्या खालच्या काठाजवळ ‘फाइट स्ट्रॅप’ शिवलेला असतो. हा पट्टा पँटला अडकवतात, म्हणजे मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढता येत नाही. चाहत्यांसाठीच्या स्वस्त प्रतीत तो नसतो. तेवढ्यावरून ती बनावट ठरत नाही, पण किंमत त्या मानाने द्यावी. चिन्ह उलट बाजूने पाहा. जाड ट्विल कापडाचे थर एकावर एक शिवलेले असतील तर ते सपाट बसतं. बनावट मालात दात्यांच्या कोपऱ्यांशी कापड चुण्या धरतं. नावही तपासा. रायन स्मिथ ९४ किंवा प्रॉंगर ४४ हे खेळाडू त्या काळाला धरून आहेत. चंदेरी जर्सीवर मॅकडेव्हिड ९७ दिसला तर अक्षरं नंतर लावलेली आहेत, कारण तो संघात २०१५ ला आला. ग्रेट्झकी ९९ तर १९८८ लाच गेला होता.

मापाचं: आदिदासच्या खेळाडू-दर्जाच्या जर्सीत ५० म्हणजे मीडियम, ५२ लार्ज. जुन्या जर्सी खांद्यांच्या पॅडवर बसतील अशा ढगळ असतात, म्हणून आपल्या अंगाला नेहमीपेक्षा एक माप कमी घ्या. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त ५ टक्के जीएसटी, तेव्हा टोरंटोपेक्षा इथेच घेतलेली बरी. धुताना उलटी करून, गार पाण्यात, आणि ड्रायरमध्ये अजिबात नाही: उष्णतेने चिन्हामागचा चिकट थर सैल होतो आणि रिव्हेटच्या बाजूला कापड फुगतं. ते इस्त्रीने पुन्हा बसत नाही.