येतो म्हणून गेलेला

मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री आम्ही घरातल्या आणि शेजारच्या मिळून सहा जणांनी 'डेथड्रीम' हा 1974 सालचा भयपट पाहिला. संवाद नीट ऐकू यावेत म्हणून कूलर अगदी मंद ठेवला होता; नागपुरात मेमध्ये हा त्याग लहान नव्हे. चित्रपट संपल्यावर सहा जणांची जी मते पडली ती इतकी वेगवेगळी होती की, आपण सर्वांनी एकच चित्रपट पाहिला ना, अशी शंका मला आली. त्या मतांविषयी आणि त्यांतून माझे स्वतःचे मत कसे बदलत गेले त्याविषयी लिहावे, असे तेव्हापासून मनात आहे.

कथा थोडक्यात सांगतो. व्हिएतनामच्या युद्धात अँडी नावाच्या तरुणाला गोळी लागते. कोसळता कोसळता त्याला आईचा आवाज ऐकू येतो: तू परत येशील, तू तसे वचन दिले आहेस. अमेरिकेतल्या त्याच्या घरी मृत्यूची वार्ता पोहोचते. वडील आणि बहीण ती स्वीकारतात, आई मात्र मेणबत्ती लावून त्याला बोलावत राहते. मग एके रात्री दारात अँडी उभा. घरभर आनंदीआनंद होतो. पण मुलगा जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी धड बोलत नाही आणि रात्र रात्र डुलत्या खुर्चीत बसून राहतो. पुढे कळते की, शरीर सडू नये म्हणून त्याला माणसाचे रक्त लागते.

दिग्दर्शक बॉब क्लार्क यांच्या हाताशी तेव्हा फारसे पैसे नव्हते आणि ते पडद्यावर दिसते. माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचे पहिले मत असे की, पहिला पाऊण तास काहीच घडत नाही, अंधारातल्या दृश्यांत कोण कुठे आहे ते समजत नाही आणि असला चित्रपट आज कुणी दहा मिनिटांच्या वर पाहणार नाही. अंधाराबाबत त्याचे म्हणणे मला मान्य आहे. संथपणाबाबत नाही. माझ्या मते या चित्रपटात जिथे पैसा लागलेला दिसतो, म्हणजे शेवटी सडत चाललेला चेहरा आणि पोलिसांचा पाठलाग, तिथे भीती कमी होते. आणि जिथे एक पैसाही लागलेला नाही, तिथे अंगावर काटा येतो. वरच्या खोलीत खुर्ची कुरकुरते आहे आणि खाली आईबाप एकमेकांकडे न पाहता बसले आहेत, या दृश्याला खुर्चीपलीकडे खर्च तो काय आला असेल?

आईबाप म्हणून जॉन मार्ली आणि लिन कार्लिन ही जोडी मिळाली, हे मात्र दिग्दर्शकाचे भाग्य. 1968 च्या 'फेसेस' या चित्रपटात याच दोघांनी नवराबायकोचे काम केले होते आणि त्यासाठी कार्लिन यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. बायकोच्या मते चित्रपट भुताचा नसून मुळात या दाम्पत्याचा आहे. मुलगा परतण्याआधीच या घरात काहीतरी मोडलेले होते आणि दोघेही त्याचा दोष एकमेकांवर ढकलत होते, हे तिने मला शेवटी समजावून सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते, हे कबूल करतो. कुत्र्याच्या प्रसंगाला ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तो संपल्याची खात्री करून घेऊनच परत आली. घरातले पाळीव कुत्रे अँडी शेजारच्या लहान मुलांच्या देखत गळा दाबून मारतो. एवढे रक्तपात असलेल्या चित्रपटात बघवत नाही असे दृश्य हेच एक आहे, यावर मात्र सहाही जणांचे एकमत झाले.

सर्वांत अनपेक्षित मत मिळाले ते शेजारच्या काकाजींचे. काकाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. आमच्याकडे याचे नवल नाही. कामठीला ब्रिटिशांच्या काळापासून छावणी आहे, गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे, आणि निवृत्तीनंतर इकडेच प्लॉट घेऊन राहिलेली मंडळी गल्लोगल्ली भेटतात. काकाजी पूर्ण वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. भुताला ते भ्यायले नाहीत. ते अडले ते अगदी सुरुवातीलाच, मुलगा रात्री दारात उभा राहतो त्या ठिकाणी.

"फौजी असा घरी येत नसते, भाऊ," ते मला म्हणाले. "ना वॉरंट, ना मूव्हमेंट ऑर्डर. मेल्याचा निरोप येऊन गेला, आन् पोरगा अंगणात उभा. अन् घरातलं एक माणूस त्याले विचारत नाही, का बा, कागद कुठी आहे तुहा? काहून नाही विचारत?"

भाचा हसला. पटकथेतली चूक पकडली, असे त्याला वाटले. मला मात्र तिथेच चित्रपटाचे कुलूप उघडल्यासारखे झाले. ते विचारत नाहीत, कारण विचारले तर उत्तर मिळेल. जेवणाच्या टेबलावर बाप म्हणतो, तू मेलास असे आम्हाला कळवले होते; मुलगा सरळ उत्तर देतो की, मेलोच होतो; आणि क्षणभर थांबून सारे घर हसू लागते. त्या हसण्याइतके भयंकर काही पुढच्या तासाभरात घडत नाही. काकाजींनी मग आपल्या पहिल्या मोठ्या सुट्टीची हकिकत सांगितली. हद्दीवरून काटोलजवळच्या गावी पोहोचल्यावर ओसरीवर माणसे जमली, कुणी पाणी विचारण्याआधी 'किती मारले' असे विचारले गेले, आणि ते रात्री आत न झोपता आठ दिवस गोठ्याजवळ खाट टाकून पडून राहिले. गावाने त्याचा अर्थ असा लावला की, पोरगा फौजेत जाऊन शिष्ट झाला.

अशा अवस्थेला पुढे वैद्यकीय नाव मिळाले. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावाच्या विकाराची नोंद आपल्या अधिकृत सूचीत केली ती 1980 साली, म्हणजे हा चित्रपट येऊन गेल्यावर सहा वर्षांनी. त्या युद्धात 58 हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. जे परतले त्यांच्याविषयी बोलायला लोकांकडे शब्द नव्हते. अँडी डॉक्टरला मारून त्याचे रक्त सिरिंजने स्वतःच्या दंडात टोचून घेतो, त्यात व्यसनाधीन होऊन परतलेल्या सैनिकांची सावली अनेकांना दिसते आणि ती दिसावी अशीच मांडणी आहे. तो डॉक्टरला सुनावतो की, मी तुमच्यासाठी मेलो, आता परतफेड करा. रंगभूषेच्या कामात हाताखाली असलेले टॉम साविनी स्वतः व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार होते आणि चित्रपटातले त्यांचे हे पहिलेच काम. सडणारा चेहरा मला फारसा भावला नाही, असे वर लिहिले आहे. ही माहिती कळल्यापासून त्या मतावर मी पूर्वीइतका ठाम राहिलेलो नाही.

आता माझ्या आईचे मत. इंग्रजी तिला बेताचेच कळते. मधूनमधून भाचा भाषांतर करीत होता. तिने सुरुवातीपासून पडद्यावरच्या आईची बाजू घेतली. "पोराला बोलावू नये तर काय करावं तिनं?" हा तिचा प्रश्न. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. चुकून कुणी 'जातो' म्हणाले तर आई अजूनही उंबरठ्यावर थांबवून शब्द बदलून घेते. त्यामुळे परत येण्याचे वचन मागणारी आई तिला परकी वाटलीच नाही. पण तिने पुढे जे म्हटले ते मी कुठल्याही जाणकाराकडून ऐकले नसते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा आपण समजतो की मेलेल्याचे काही राहिले आहे. मग नातेवाईक पुढे होऊन, तुमचे अमुक आम्ही करू, असा शब्द देतात आणि कावळा शिवतो. "इथे उलटं झालंय," आई म्हणाली. "त्याचं काही राहिलं नाही. राहिलंय ते हिचं."

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 1902 सालची 'द मंकीज पॉ' ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना या चित्रपटाचे मूळ लगेच ओळखू येईल. तिथेही आई इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाकडे मेलेल्या मुलाला परत मागते, दारावर थाप पडते, आणि दार उघडण्याआधी बाप ती मागणी मागे घेतो. इथे दार उघडले जाते आणि बापाच्या हाती तसले काही उरत नाही. मुलावर रोखलेले पिस्तूल त्याच्याने चालवत नाही. शेवटी तो स्वतःलाच गोळी घालतो. मग आईच मुलाला गाडीत घालून स्मशानात नेते, जिथे त्याने आपल्या नावाचा दगड आधीच कोरून ठेवला आहे, आणि खड्ड्यात स्वतःवर माती ओढणाऱ्या मुलावर तीही माती लोटू लागते.

इथपर्यंत पाहिल्यावर भाचा गप्प झाला होता. संथपणाविषयीचे आपले मत त्याने मागे घेतले नाही. फक्त, शेवट बरा आहे, एवढे तो म्हणाला. काकाजी पाणी पिऊन घरी गेले. बारा वाजून गेले होते, मी कूलर पुन्हा जोरात लावला, तेव्हा आईने सुरुवातीचा भाग परत लावायला सांगितला. जंगलातला अंधार, गोळ्या, कोसळलेला मुलगा, आणि मग तो आवाज. ती खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून ऐकत होती. आवाज थांबल्यावर तिने हाताने खूण करून टीव्ही बंद करायला लावला.

"मरूसुद्धा दिलं नाही बाईनं त्याला," ती म्हणाली आणि मच्छरदाणी लावायला आत गेली.