लाल दोऱ्याचे पिल्लू

एप्रिलमधील एका सोमवारी सोलापूरच्या पूर्व भागातील एक आजोबा आपल्या दहा वर्षांच्या नातीसह माझ्या दवाखान्यात आले. नातीने बुटांच्या खोक्यात लॅब्राडॉर जातीचे फिकट पिवळे पिल्लू आणले होते आणि त्याच्या गळ्यात लाल लोकरीचा दोरा होता. आदल्या दिवशी महामार्गालगतच्या एका हॉटेलाबाहेर विक्रेत्याने मोटारसायकलवरून येऊन ते त्यांच्या हवाली केले होते, आठ हजार रुपये घेतले होते आणि लसीकरणाचे कार्ड दिले होते. पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई आणि ती राहते ती जागा पाहायची असते, हे या कुटुंबाला कोणी सांगितलेच नव्हते.

कार्डावर वय ५० दिवस लिहिले होते. लसीचे लेबल चिकटवलेले होते आणि त्यापुढे बारा दिवसांपूर्वीची तारीख होती, मात्र पशुवैद्यकाची सही किंवा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. मी पिल्लाचे तोंड उघडून पाहिले. सुळे नुकतेच वर आले होते, पुढचे दात हिरडीतून अर्धवट डोकावत होते आणि दाढांचा पत्ता नव्हता. दुधाच्या दाढा साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात दिसू लागतात. वजन १ किलो ९०० ग्रॅम भरले. माझ्या अंदाजाने ते पिल्लू जेमतेम ३३ दिवसांचे होते, म्हणजे लस खरोखर दिली असेल तर ती तीन आठवड्यांच्या पिल्लाला दिली होती. त्या वयात आईच्या चिकातून आलेली प्रतिकारद्रव्ये लस निष्प्रभ करतात. म्हणूनच पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत ती पुन्हा देत राहतात. कार्डावर लेबल चिकटवले म्हणजे लसीकरण होत नाही. आमच्याच व्यवसायातील काही जण कुत्र्याला हात न लावता अशी लेबले आणि कोरी कार्डे देतात, याची मला मनापासून लाज वाटते.

मी आजोबांना वय खोटे असल्याचे सांगितले. म्हशीचे दूध आणि बिस्किटे बंद करायला लावली, पिल्लांचा कोरडा आहार कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा कसा द्यायचा ते दाखवले, जंतांचे औषध दिले आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याला ओल्या पोत्याजवळ ठेवा असे सांगितले. निघताना नातीने आजोबांच्या मोबाइलवर विक्रेत्याने पाठवलेला फोटो दाखवला. भाजीच्या क्रेटमध्ये सात पिल्ले होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा दोरा होता. “सगळीच गोजिरवाणी आहेत हो बाळ,” असे म्हणून मी मोबाइल परत दिला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

गुरुवारी पहाटे आजोबांचा फोन आला. दवाखान्याचे शटर उघडले तेव्हा खोक्यातून जो वास आला त्यावरूनच मला निदान कळले होते. रक्ताच्या जुलाबाचा तो उग्र, सडका वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. रॅपिड किटवर दहा मिनिटांच्या आत दोन रेषा उमटल्या. पार्व्हो होता, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा आजार. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या, मानेवरची चामडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, ताप नव्हता, उलट तापमान ९७ अंश फॅरेनहाइटपर्यंत उतरले होते आणि रक्तातील साखरही ४८ इतकी कमी होती. वजन पावणेदोन किलो भरले. शरीरातील पाणी दहा टक्क्यांनी घटले आहे असे धरले तर नुसती तूट भरायलाच पावणेदोनशे मिलिलिटर सलाईन लागते, आणि ते द्यायला शीर सापडत नव्हती. पुढच्या दोन्ही पायांवर सर्वांत बारीक कॅन्युला लावून पाहिली, मानेच्या शिरेवरही प्रयत्न केला. शिरा आत बसल्या होत्या.

अशा वेळी हाडाचा आधार घ्यावा लागतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी जी खोबण असते, तिच्यातून सुई मज्जेत उतरवली की सलाईन थेट रक्ताभिसरणात जाते, कारण मज्जेतील रक्तवाहिन्यांना हाडाचा आधार असल्याने त्या कोसळत नाहीत. एवढ्या लहान पिल्लाचे ते हाड माझ्या करंगळीपेक्षाही बारीक असते. कातडी बधिर करून मी सुई हळूहळू फिरवत आत नेली. प्रथम हाताला कठीण लागले आणि मग अचानक मऊ झाले. पाय हलवून पाहिला, सुई पायाबरोबर हलली, म्हणजे ती हाडात पक्की बसली होती, आणि मगच कोमट पाण्यात ठेवलेली रिंगर लॅक्टेट या सलाईनची बाटली जोडली. त्यातूनच डेक्स्ट्रोज दिले, उलटी थांबण्याचे इंजेक्शन दिले, प्रतिजैविक दिले. नात टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती आणि थेंब मोजत होती. साधारण चाळीस मिनिटांनी पिल्लाने शेपटीचे टोक हलवले, तेव्हा तिने मोजणे थांबवले.

घरी काय करायचे हे आजोबांना समजावणे त्याहून कठीण गेले. फिनेलने हा विषाणू मरत नाही. आधी सर्व घाण धुऊन काढायची आणि मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी असे द्रावण फरशीवर किमान दहा मिनिटे राहू द्यायचे. आमच्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे तेवढी फरशी धुणे ही त्या घरासाठी साधी गोष्ट नव्हती. आजीने काही न बोलता पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे बाजूला ठेवून बाकीचे सर्व पाणी त्या फरशीवर घातले. मातीत हा विषाणू अनेक महिने टिकतो आणि त्यांच्या बोळात जिन्याखाली एक गावठी कुत्री चार पिल्लांसह होती. ती पिल्ले सात आठवड्यांची होती. त्याच दिवशी संध्याकाळी मी बोळात जाऊन त्यांना लस दिली.

शनिवारी जुळे सोलापूर भागातून एक तरुण जोडपे आले. त्यांच्या पिल्लाच्या गळ्यात हिरव्या लोकरीचा दोरा होता. कार्डावरचे हस्ताक्षर तेच होते आणि लेबलावरचा बॅच क्रमांकही तोच होता. दोन दिवस त्यांनी औषधाच्या एका दुकानातून आणलेल्या, माणसांच्या जुलाबावरच्या गोळ्या दिल्या होत्या. काउंटरवरून कोणत्याही प्राण्यासाठी कोणतीही गोळी काढून देण्याची ही सवय कित्येक पिल्लांचा जीव घेते. सुई मज्जेत बसली, सलाईनही सुरू झाले, तरी दोन तासांत पिल्लू गेले. केव्हा आणले, असे विचारल्यावर तो तरुण म्हणाला, “मंगळवारी, डॉक्टरसाहेब.”

मंगळवार हा शब्द माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी बंदी आहे, प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, हे मला सोमवारी माहीत होते. दात मी स्वतः पाहिले होते आणि विक्रेत्याचा क्रमांक आजोबांच्या मोबाइलमध्ये, त्या फोटोच्या वरच होता. सोमवारी मी फोन केला असता तर विक्री थांबली असती असे मी म्हणत नाही. विषाणू बहुधा त्या क्रेटमध्ये आधीच पोहोचला होता, कारण लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तथापि त्या जोडप्याला पहिल्या उलटीलाच दवाखाना गाठा, एवढे सांगणारे कोणीतरी मिळाले असते. शनिवारी मी फोन केला तेव्हा विक्रेत्याने आपल्याकडची पिल्ले ठणठणीत होती असे सांगितले, बाकीचे ग्राहक कोण हे सांगण्यास नकार दिला आणि नंतर माझा क्रमांक ब्लॉक केला. मी लेखी तक्रार दिली आहे. त्या जोडप्याने तिच्यावर सही केली. आजोबांनी मात्र त्या माणसाशी वैर नको म्हणून केली नाही, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

लाल दोऱ्याचे पिल्लू सहाव्या दिवशी स्वतःहून भिजवलेला आहार खाऊ लागले. पार्व्होतून वाचले तरी इतर आजारांच्या लसी आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस आवश्यकच असल्याने आजोबा त्याला ठरल्या तारखांना न चुकता आणतात. लहान वयात भावंडांपासून तुटल्यामुळे ते खेळताना फार जोरात चावते. कारण किती जोरात चावायचे हे पिल्ले भावंडांच्या किंकाळीवरून शिकतात. ते शिकवण्यासाठी जिन्याखालचे एक पिल्लू आता रोज त्यांच्या ओट्यावर येते, आणि उन्हाळा सोसण्याच्या बाबतीत ते गावठी पिल्लू या लॅब्राडॉरपेक्षा कितीतरी काटक आहे. ते घरातच ठेवता येईल का, असे आजीने मला मागच्या वेळी विचारले.

नवे पिल्लू आले की मी आता आधी भावंडांचा फोटो मागतो, विक्रेत्याचा क्रमांक लिहून घेतो आणि दात व कार्ड जुळले नाहीत तर त्याच दिवशी फोन करतो. तो सात पिल्लांचा फोटो मी आजोबांकडून मागून घेतला आहे. पिवळा, निळा, पांढरा, काळा आणि गुलाबी दोरा असलेली पिल्ले कोणाच्या घरी गेली, हे मी शहरातील इतर पशुवैद्यकांना विचारत असतो. अद्याप एकाचाही पत्ता लागलेला नाही.