भोगव्याचा किनारा आणि मेस्त्रींनी पातळ केलेली सुरी

फोंडा घाट उतरलो, कणकवलीला हायवेला लागलो आणि तिथून कुडाळपर्यंत चहाला पण थांबलो नाही, कारण सुरी घासून नीट करून देणाऱ्या मेस्त्रींचा आदल्या रात्रीच फोन आला होता की सुरी तयार आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे टाकलेली. तशी कंपनीची कॅम्प नाइफ, १०९५ कार्बन स्टील, साधारण पाच इंच पातं, मुठीच्या टोकापर्यंत एकसंध लोखंड, सगळं दणकट. पण कापायला बसलं की कांदा चिरण्याऐवजी फुटायचा. पाठ ४ मिमी जाड त्याबद्दल तक्रार नाही, पण धारेच्या अगदी मागे पण ती जवळजवळ १ मिमी होती, आता अशी सुरी कितीही घासा, ती पाचरीसारखीच आत घुसणार.

माझं स्पष्ट मत आहे, कॅम्पिंगवाल्या लोकांना जाडीचं उगाच वेड लागलंय. आपली सुरी झाड तोडू शकते हे व्हिडिओत दाखवायला बरं, पण कोकणात झाड तोडायला सुरी लागतेच कशाला? इथे घरटी कोयता आहे, बागेत निघालेल्या माणसाच्या कमरेला आकडी आणि त्यात कोयता हे रोजचं दृश्य आहे. नारळ, बांबू, जाड फांद्या हे सगळं त्याचं काम. म्हणजे सुरीला फक्त बारीक काम उरतं, आणि बारीक कामाची सुरी पातळच पाहिजे. हेच मेस्त्रींना सांगितलेलं, ते लगेच म्हणाले, "म्हणजे पाठ रवांदे, पोटातला काढूया."

त्यांनी दोन्ही अंगांनी घासत घासत धारेमागची जाडी अर्धा मिमीच्या आत आणली (मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊनच गेलो होतो), आणि धार सपाट व्ही न ठेवता बाहेरून किंचित फुगीर ठेवली, त्यामुळे पातळ असूनही लाकडात लवकर तुकडा उडत नाही. हे काम मशीनच्या पट्ट्यावर केलं तरी दर एका फेरीनंतर पातं पाण्यात, घाई अजिबात नाही. "पातां तापला तर पाणी उतारता रे, मगे कितीय घास, धार रवाची नाय." अगदी खरं आहे ते. पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून झालं, की असं पोलाद साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, नंतर घासताना त्याच्या बरंच वर गेलं, पातं निळं पडलं, की तिथला कडकपणा गेला. म्हणूनच रस्त्यावरच्या ठिणग्या उडवणाऱ्या चाकावर मी चांगली सुरी कधी देत नाही.

मूठ तर बघतच राहावी अशी. आधीचं प्लास्टिक काढून टाकलं आणि जुन्या खैराच्या मुसळाचा तुकडा कापून दोन फाका बसवल्या, पितळेचे तीन रिवेट, वर जवसाचं तेल. खैर जड, घट्ट, तांबूस, ज्याच्यापासून कात काढतात तोच. मधे तळहातात भरेल एवढं पोट ठेवलंय, पुढे तर्जनीसाठी खाच. हातात घेतली आणि बोटं आपोआप जागेवर गेली, मला खरंच बोलायला सुचेना. मेस्त्रींनी कागद उभा धरला, सुरीच्या वजनानेच तो कापत खाली आला, आवाज सुद्धा नाही.

पाट, परुळे करत भोगव्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. कर्ली नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडच्या काठाला देवबाग, आणि मधे पाण्याचे दोन रंग एकमेकांत शिरताना दिसतात. तंबू वाळूवर लावला नाही, ओळखीच्या काकींच्या माडांच्या बागेत परवानगी घेऊन लावला, चुलीला पण तिथेच जागा दिली त्यांनी.

लाकूड होतं सुरूचं, वाळलेलं पण चिवट. बारीक चिपा काढायला सुरी लाकडावर टेकवून पाठीवर दांडक्याने ठोकली, सरळ फाटत गेलं. मग एका चिपेवर ढलप्या काढायला बसलो आणि तिथे मेस्त्रींच्या कामाची किंमत कळली, पूर्वी या सुरीने ढलपी जाड यायची आणि मधेच तुटायची, आता पातळ, लांब, वळत वळत टोकापर्यंत सुटत होती. गरज नसताना मी आणखी दोन-तीन चिपा तासल्या, केवळ त्या ढलप्या निघताना बघायला मजा येत होती म्हणून. पाठीची कड पण त्यांनी काटकोनात धारदार ठेवलीय, तिने फेरो रॉड (ठिणग्या पाडायची सळी) घासला, ठिणग्या नारळाच्या सोडणाच्या काथ्यात पडल्या, फुंकर मारली, वर ढलप्या, वर माडाचं वाळकं चुडत, झालं.

मग बांगडे. कल्ले काढले, पोट फाडलं, पाठीवर तिरप्या चिरा, कुठे मांस फाटलं नाही, काट्याला पातं टेकलं की हाताला कळत होतं. मीठ, हळद, मिरची, थोडं कोकमाचं आगळ लावून हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर. वास असा सुटला की बाजूच्या घरातलं मांजर येऊन बसलं.

आगळाचं पण बघण्यासारखं झालं. कोकमातल्या आम्लाने कार्बन स्टीलवर लगेच निळसर-करडी झाक धरली. ही झाक मी पुसत नाही, उलट जपतो, तो पातळ थर गंज थोडा तरी लांब ठेवतो. पण नुसत्या त्याच्यावर खाऱ्या हवेत भागत नाही, रात्री सुरी गोड्या पाण्याने धुतली, कोरडी पुसली, खोबरेलाचा हात फिरवला आणि कापडात गुंडाळली. म्यान कोल्हापूरच्या चप्पल कारागिराकडून शिवून घेतलंय, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, सुंदर आहे, पण ओल धरतं आणि त्यातल्या टॅनिनने पातं काळं पडतं, म्हणून त्यात फक्त प्रवासात.

सकाळी काकी आडोळी (विळी) घेऊन बसल्या होत्या, मी सुरी दाखवली. त्यांनी टोमॅटो घेतला, न दाबता चार-पाच चकत्या पाडल्या, उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाल्या, "बरी कापता रे ही. कोणाकडसून केलंस?" निघायच्या आधी मेस्त्रींचा नंबर त्यांनी लिहून घेतला. त्यांना छोटी हवीय, फक्त पेडवे आणि कोलंबी साफ करायला, मूठ मात्र फणसाची म्हणे.