बुटपॉलिशची डबी

आज आबांना घेऊन रत्नागिरीला, पेसमेकरच्या तपासणीसाठी. बॅटरी अजून सहा वर्षं चालेल म्हणे. "म्हणजे तोवर मरायची सोय नाही," इति आबा.

परतताना जयगडच्या फेरीबोटीत त्यांना सांगितलं: शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 1958 मध्ये स्टॉकहोमला इंजिनिअर एल्मक्विस्ट यांनी बनवला. साचा म्हणून चक्क बुटपॉलिशची डबी घेतली, त्यात इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक) ओतलं. काही तासांतच तो बंद पडला! (आपण असतो तर तिथेच हात टेकले असते.) पण पेशंट आर्ने लार्सन 2001 पर्यंत जगले, एकूण 26 पेसमेकर वापरून.

आबा खाडीकडे बघत बसले. तवसाळचा धक्का जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "पॉलिश कुठलं रे, काळं की तपकिरी?"