एका टक्क्याचं वादळ

11 मे 2024, शनिवार. सुट्टी असूनही सकाळीच अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पोचले. इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक साधारण 38,000 नॅनोटेस्ला (क्षेत्र मोजायचं एकक) असतो. त्याची रेघ दिवसा जरा चढते, संध्याकाळी उतरते. वर्षानुवर्षं तेच बघून डोळ्यांना सवय झालेली. शुक्रवारी रात्री साडेदहानंतर मात्र ती एकदम वर उडाली आणि मग उसळ्या घेत घसरत गेली, थेट सकाळपर्यंत. वीस वर्षांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ.

त्या आठवड्याचं हाताने करायचं मापन पुढे ढकललं. क्षेत्रच नाचतंय तर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून मोजणार काय? त्या खोलीत जाताना घड्याळ, किल्ल्या, मोबाइल सगळं बाहेर ठेवावं लागतं. सोन्याचं मंगळसूत्र चालतं, ओढणीची सेफ्टी पिन चालत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 साली कुलाब्याहून इथे बस्तान हलवलं, ते याच सोवळ्यापायी. कुलाब्याच्या लोकांनी 1859 च्या सप्टेंबरातल्या वादळात नुसत्या डोळ्यांनी वाचून सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट टिपली होती. आमच्याकडे संगणक असून मी तासभर जागची हलले नाही, त्यांचं काय झालं असेल!

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, लडाखला हान्लेचं आकाश लाल झालं होतं! पृथ्वीचं चुंबक बिघडलं का गं?"

"चुंबकाला काही झालेलं नाही. सूर्याकडून आलेल्या झोताने वर, पृथ्वीभोवती विजेचा प्रवाह वाढला. त्याचं क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट, म्हणून इथे आकडा घटला. घटला तोही जेमतेम एक टक्का."

"आणि आतलं चुंबक?"

"तिथे चुंबकाचा दांडा नाहीच. लोखंड 770 अंशांनाच चुंबकत्व सोडतं आणि गाभा हजारो अंश तापलेला. 2900 किलोमीटर खाली वितळलेलं लोखंड खळखळतंय. आधीच्या क्षेत्रातून ते वाहतं, त्यातून वीज निर्माण होते, विजेतून पुन्हा क्षेत्र."

"पण ते कमी होतंय म्हणतात."

"होतंय. 1840 पासून नऊ-दहा टक्के. या वादळातली घट चार दिवसांत भरून निघेल, ती आतली नाही."

"मग संपणार?"

"याच वेगाने गेलं तरी दीड-दोन हजार वर्षं लागतील, आणि वेग कायम राहत नाही. क्षेत्र शेवटचं पूर्ण उलटलं, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झाली, त्याला पावणेआठ लाख वर्षं झाली. तू बारावीचा अभ्यास कर."