ट्रेकसाठी घरची वडी: सगळं अडतं ते पाकाशी

‘गोळीबंद पाक झाला की गॅस बंद करा.’ बहुतेक कृतींमध्ये पाकाबद्दल एवढं एकच वाक्य असतं, आणि माझा सगळा राग त्या वाक्यावर आहे. थेंब गार पाण्यात टाकला की ज्याची गोळी वळते तो गोळीबंद पाक; पण ती गोळी किती घट्ट हवी, पाणी किती गार हवं, गोळी बघेपर्यंत गॅसचं काय करायचं, हे कुणी लिहीत नाही. आमच्या बेळगावकडचा राजहंसगड असो की पारगड, सॅकमध्ये न्यायची वडी बिघडते ती याच टप्प्यावर. कच्च्या पाकाची वडी उन्हात पाझरते आणि कागदाला चिकटून बसते. पाक पुढे गेला की एकतर दगड होतो, नाहीतर भुगा.

माझं आता ठरलेलं प्रमाण असं: भाजून सोललेले शेंगदाणे 200 ग्रॅम, पातळ पोहे 100, खारीक 60, तीळ 60, गूळ 220, तूप 20 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, सुंठ एक चमचा. निम्मे शेंगदाणे अख्खे, निम्मे जाडसर कुटलेले. पोहे कुरकुरीत भाजून हाताने चुरडायचे. खारकेचे बारीक तुकडेच करायचे, पूड नको. पूड पाक पिऊन टाकते आणि बाकीच्या जिनसांना धरायला काही उरत नाही. यात 40 ग्रॅमच्या सोळा वड्या होतात, एकेक साधारण 180 ते 190 कॅलरीची. चुरमुरे मी घालत नाही. चिवड्याला, भेळेला ते हवेतच, पण इथे दाबताना चुरतात आणि ओलावा सगळ्यांत आधी तेच धरतात.

भाजण्यात सांगण्यासारखं काही नाही. मंद आच आणि धीर.

आता गूळ. दुकानात ‘चिक्कीचा देऊ की साधा?’ असं विचारतील. साधा घ्या. चिक्कीचा गूळ कडक व्हायलाच असतो. थंडीच्या पहाटे गड चढताना तशी वडी दातांनी तुटत नाही. पावसाळ्यात मिळणारा गूळ मागच्या हंगामातला, ओल धरलेला असतो, त्यामुळे त्याचा पाक व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणजे घड्याळ लावून पाक करता येत नाही. ‘सहा मिनिटं उकळा’ हे वाक्य जानेवारीत बरोबर ठरेल आणि जुलैत फसवेल.

जाड बुडाच्या कढईत गूळ आणि दोन मोठे चमचे पाणी, आच मंद. विरघळला की एकदा गाळून घ्या, कचरा निघतो. मग तूप घाला आणि लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. लिंबाने पाक दाणेदार होत नाही. इथून पुढे फार ढवळायचं नाही, ढवळल्यानेही साखर धरते आणि वडी रवाळ होते.

पाक आधी मोठे, सैल बुडबुडे काढतो. ते लहान आणि दाट झाले की तपासायला सुरुवात करा. एक थेंब गार पाण्यात टाका. पसरला तर कच्चा. बोटांत गोळी झाली, पण हलक्या दाबाने लगेच चपटली, तर अजून थोडा वेळ आहे. गोळी आकार धरते, जोर लावला तरच चपटते, तुटत नाही: हाच आपला पाक. वाटीवर आपटल्यावर टण्ण वाजली तर चिक्कीचा झाला.

या शेवटच्या दोन अवस्थांत एक मिनिटही नसतं. मी पाण्यात बोटं घालून गोळी वळत बसायचो आणि तेवढ्यात कढईतला पाक पुढे निघून जायचा. प्रत्येक वेळी तपासताना गॅस बंद करा. गोळी मऊ निघाली तर परत पेटवा, पाकाचं काही बिघडत नाही. तीन खेपा वाया घालवून हे कळलं. कृतीत ही एक ओळ असती तर दीड किलो जिन्नस वाचला असता. दुसरं, पाणी फ्रिजमधलं घ्या. एप्रिलमधलं नळाचं पाणी कोमट असतं, त्यात पक्क्या पाकाची गोळीही मऊच लागते आणि आपण उगाच उकळत राहतो.

थर्मामीटर असेल तर तो आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, इथे पाणी 97 ते 98 अंशांनाच उकळतं. म्हणून कृतीत 120 अंश लिहिलं असेल तर आपल्याकडे 117-118 ला थांबायचं. आकडा तसाच पाळला तर पाक पुढे जातो, आणि दोष कुठे आहे ते कळतही नाही.

पाक होईपर्यंत कोरडे जिन्नस गरम ठेवायला हवेत, हे सांगायचं राहिलंच. गार शेंगदाण्यांवर पाक पडताक्षणी गोठतो, सगळीकडे पोचत नाही आणि वडी जागोजागी फुटते. दुसऱ्या कढईत मंद आचेवर ठेवा, पाक त्यातच ओता, भरभर कालवा. तूप लावलेल्या 20 सेंटिमीटर चौकोनी ताटलीत घालून सपाट बुडाच्या वाटीने अंगातला जोर लावून दाबा. दहा मिनिटांनी, कोमट असतानाच, सुरीला तूप लावून कापा. पूर्ण गार झाल्यावर कापली तर चिरा पडतात.

वडी सैल राहिली तर टाकू नका. मिश्रण कढईत परतवून तीन-चार मिनिटं मंद आचेवर ढवळा आणि पुन्हा दाबा. भुगा झालेली मात्र जुळत नाही, तो दुधात घालून खावा.

गोकाकच्या करदंटासारखा (डिंक आणि सुक्यामेव्याची गुळातली मिठाई) तळलेला डिंक घालून पाहिला. चव उत्तम येते, पण डिंक जरा कच्चा राहिला की दाताला चिकटतो. नीट फुलवता येत असेल तरच घाला.

जांबोटी, चोर्ल्याच्या पावसात उघडी वडी तासाभरात चिकट होते. प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळा, मग सगळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. कोरड्या दिवसांत पंधरा दिवस छान राहतात. पावसाळ्यात मी निघायच्या आदल्या संध्याकाळीच करतो. अर्ध्या दिवसाच्या चढाईला माणशी दोन पुरतात. बरोबर पाणी मात्र भरपूर घ्या, शेंगदाणे-गुळाने तहान लागते. आणि मुक्कामाला डबा तंबूबाहेर ठेवू नका. झाकण कितीही घट्ट असलं तरी बाहेर सांडलेल्या एका कणावर मुंग्या येतात, आणि माकडांना डबा उघडता येतो.