तीन वर्षांच्या पोराची सही आणि आमचे पाच आठवडे

आमचा बालविकास संशोधनाचा गट म्हणजे विद्यापीठातली दीड खोली. प्रोफेसर मॅडम, पीएच.डी. करणारी ताई, रिसर्च असिस्टंट मी, आणि शिपाई मामा. दोन ते पाच वर्षांची मुलं आईशी खेळताना बोलायला कशी शिकतात, हे गोवंडीतल्या अंगणवाड्यांत बघायचं होतं. मला धास्ती होती ती बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या परवानगीची. ती आरामात मिळाली. घोडं अडलं ते आमच्याच आवारात, माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या काउंटरवर.

फाइल परत. कारण? ‘मुलाचे संमतीपत्र जोडलेले नाही.’

अहो, मूल तीन वर्षांचं! आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय: सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती, बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी. त्याहून लहान मुलांसाठी पालकांचा होकार. मी ते पान छापून नेलं. काउंटरवरच्या साहेबांनी पाहिलंही नाही. “चेकलिस्टमध्ये रकाना आहे ना? मग तो भरा.” पुढच्या सोमवारी या. त्या सोमवारी साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या सोमवारी इनवर्ड नंबर सापडेना. एकदा तर मला वाटलं, पोराचा अंगठा उमटवून द्यावा आणि सुटावं. (मॅडमना हे सांगितलं नाही.)

शेवटी मामा म्हणाले, “ताई, रकाना रिकामा ठेवू नका. ‘लागू नाही’ लिहा, कारणाचं पत्र लावा, खाली मॅडमची सही.” पाच आठवड्यांचा गुंता एका ओळीत सुटला. मामांची या आवारात सव्वीस वर्षं झालीत.

हो, आणि प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. आमची फाइल पहिल्यांदा त्यावरून परत आली होती, ते सांगायचं राहिलं.

कमिटीच्या बैठकीत मात्र मजा आली. अशा कमिटीत संस्थेबाहेरचा अध्यक्ष लागतो, तशी विज्ञानाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही लागते. आमच्याकडे त्या एक आजी होत्या. मराठी फॉर्मवर मी ऐटीत ‘प्रमुख अन्वेषक’ लिहिलं होतं. आजी म्हणाल्या, “हे वाचून बाईला वाटेल पोलीस आलेत. ‘अभ्यास करणाऱ्या मॅडम’ लिहा की.” ‘दृक्‌श्राव्य मुद्रण’ खोडून त्यांनी ‘व्हिडिओ काढू’ केलं. चार पानांचा फॉर्म दोन पानांवर आला. मराठीचं पुन्हा इंग्रजी करून ताळा घ्यायचा असतो. साध्या मराठीमुळे तोही पटकन जुळला. फॉर्म आधी शेजारणीला वाचायला द्या, मग टाइप करा.

गोवंडीत पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने ठोकळे ढकलले आणि “नाय खेळायचं” म्हणून सेविकाताईंच्या पदरामागे गेली. आईची सही होती, तरी आम्ही कॅमेरा बंद केला. साहेबांच्या रकान्यात बसणारा हा एकमेव नकार, पण तो लिहायला तिथे जागा नव्हती. मामांनी तिला राजगिऱ्याचा लाडू दिला.